मोहाखालची वाटी

"बोल ना तू. तिले काई आयकू येत नाई. कानाले डबे लावले ना तिनं."

लटारूभाऊ हे माझ्यापासून दहा-पंधरा पावलांवर उभे राहून म्हणाले. मी तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी होते. कानांवर काळे हेडफोन, खांद्याला बॅटऱ्यांची खाकी पिशवी, हातात लांब दांडा आणि त्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी गोल चकती. जमिनीत पुरलेलं लोखंड, तांबं, पितळ सांगणारं ते यंत्र होतं. लढाईत सुरुंग शोधायला केलेलं, आणि लढाई संपल्यावर आमच्यासारख्या हौशी माणसांकडे आलेलं.

लटारूभाऊ बाबांचे खलाशी. मोजणीची साखळी ओढायची, झेंड्या रोवायच्या आणि दिवसभर कुणाची ना कुणाची थट्टा करायची, ही त्यांची कामं. त्यांच्यासमोर डोक्यावर टोपली घेऊन मानकी उभी होती. ती आमच्याकडे पाणी भरायची, भांडी घासायची. ती आवाज खाली आणून म्हणाली, "त्या कडेच्या मोहाखाली नोको जाऊ देऊ तिले."

"काऊन?"

मानकीनं टोपली सावरली आणि पाळीवरून चालू लागली.

मला सगळं ऐकू आलं होतं. यंत्र नीट जुळवलं की हेडफोनमध्ये जवळजवळ काहीच नसतं, आणि त्या शांततेतून बाहेरची माणसं थोडी दबकी पण स्वच्छ ऐकू येतात. हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी वर पाहिलं नाही. चकती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहिले. ऐकू न आल्याचं सोंग फार सोपं. त्यात काही करावंच लागत नाही.

आता मी चांद्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. शाळेमागच्या गल्लीत मागच्या आठवड्यात कुणीतरी अंगणात मोहफुलं वाळत घातली. फुलं दिसण्याच्या आधी वास आला. गोड, जड, किंचित आंबूस. सवय नसलेल्याचं डोकं धरतं. वर्गातल्या एका मुलीनं नाक दाबलं, बाकीच्या हसल्या. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि लिहीत होते ते वाक्य मला पुरं करता आलं नाही. दर वर्षी हा वास येतो आणि दर वर्षी मी खिडकी लावून घेते. यंदा लावली नाही.

त्या वर्षी मी शाळेची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आठ वर्षं काढलेली. तिथं मराठी शब्द तोंडून गेला की बाकावर उभं राहावं लागे, म्हणून मी मराठी कमी बोलायला शिकले आणि मग हळूहळू बोलणंच कमी झालं. धाकट्या भावाच्या शाळेसाठी आई नागपुरातच होती. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. आरमोरीपासून काही मैलांवर एका जुन्या तलावाची पाळ दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे होतं आणि पाळीजवळच्या दोन खोल्यांच्या कौलारू घरात ते एकटेच राहत. मी अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं वडशाला उतरले. पुढे बैलांच्या दमणीतून धूळ खात तिथं पोचले. माझ्या ट्रंकेपेक्षा मोठी एक लाकडी पेटी माझ्याबरोबर होती. तीत ते यंत्र होतं.

बाबांना जुन्या नाण्यांचा नाद होता. मोजणीला गेले की ओढ्याच्या काठी, पडक्या देवळाच्या आवारात त्यांचे डोळे जमिनीवर असत. गोंड राजांच्या वेळचं एक तरी नाणं आपल्या हातानं जमिनीतून निघावं, विकत घेतलेलं नको, असं ते म्हणत. त्यासाठी त्यांनी पत्र्याची एक चपटी डबी ठेवली होती. आत स्वच्छ कापूस. कापसाला मधोमध बोटानं दाबून एक खळगा केलेला. डबी रिकामीच होती.

यंत्र निवडायला ते मुद्दाम नागपूरला आले होते. कामठीला लष्कराचा मोडीत निघालेला माल विकणाऱ्या एका डिस्पोजलच्या दुकानात अशी तीन यंत्रं धूळ खात पडली होती. लष्करी बूट, पाण्याच्या बाटल्या, फाटक्या तंबूंच्या ढिगाऱ्यात. दुकानदारानं तिन्ही टेबलावर मांडली. "पहनके देखिए बेबीजी, एकदम फौजी माल." आत रेडिओसारखे व्हॉल्व्ह, ते तापायला दोन मिनिटं. पहिल्याचा दांडा इतका जड की माझ्यानं उचलवेना. दुसरं जमिनीजवळ नेलं की ओरडायचं. फरशीखाली खिळे असतील, असं दुकानदार म्हणाला, पण ते टेबलावरही ओरडत होतं. तिसरं लावलं आणि बटणं फिरवली, तर गुणगुण बारीक होत होत थांबली. इतकी शांत जागा मी त्या बाजारात दुसरी पाहिली नव्हती. दुकानदारानं चकतीखाली किल्ल्यांचा जुडगा सरकवला आणि दुरून कुणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा आवाज आला.

मी हेडफोन बाबांना दिले. त्यांनी कानांवर धरले. किल्ल्या आत गेल्या, बाहेर आल्या. "वाजायला लागलं की सांगा," ते दुकानदाराला म्हणाले. तो माझ्याकडे पाहू लागला.

यंत्र वाजतच होतं. बाबांना बारीक आवाज ऐकू येत नव्हते. खडीच्या खाणीवर सुरुंग लावण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. आम्हाला घरी हे ठाऊक नव्हतं. बहुधा त्यांनाही नव्हतं. त्यांनी हेडफोन काढून हलकेच माझ्या कानांवर ठेवले आणि म्हणाले, "हेच घेऊ. ऐकायचं काम कुमूचं."

मला कुणी कधी कुठलं काम असं दिलेलं नव्हतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं. ही सबब म्हणून सांगत नाही.

शिकायला मला दहा दिवस लागले. पेटीत एक इंग्रजी पुस्तिका होती, सैनिकांसाठी लिहिलेली. ज्यांनी नीट ऐकलं नाही तर पाय उडून जाईल, अशा माणसांसाठी. ती वाचताना अंगावर काटा यायचा आणि मग बाहेर जाऊन मी खिळे शोधायचे. चकती जमिनीपासून दोन बोटं वर हवी, सपाट हवी, वेग एकसारखा हवा. मला यातलं एकही जमेना. दांडा लांब धरला की खांदा भरून यायचा, आखूड धरला की चकतीचं नाक जमिनीला घासायचं. लटारूभाऊ पाळीवर बसून पाहायचे.

"साहेब, बाईनं जमिनीची नाडी पाह्यली. ताप आहे म्हनते."

बाबा हसायचे. मजूर हसायचे. मी मान खाली घालायचे.

दुरुस्त केलं ते मानकीनं. ती विहिरीवरून येताना थांबली. पाण्याचा गुंड खाली ठेवला आणि बराच वेळ माझे हात पाहत राहिली. मग जवळ आली. मला ऐकू येत नाही असं समजून तिनं माझं मनगटच धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "तसा नाई बाई. सारवतेत ना, तसा. अर्धा हात मागच्या हातावर चढव." आणि स्वतःचा तळहात हवेत फिरवून दाखवला. शेणाच्या सारवणाचे ते अर्धवर्तुळाकार पट्टे, एकावर एक थोडे चढलेले. मी तसं केलं. चकती एकदम हलकी झाली. एवढ्या इंग्रजी पुस्तिकेत जे समजलं नव्हतं ते मनगटाला समजलं.

तिचा हात ओला होता, गार होता. तोंडात आलं ते इंग्रजी 'थँक यू', आणि ते तिला कसं म्हणायचं, म्हणून ते गिळलं. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी असेल. त्या सगळ्या दिवसांत मी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही. काही हवं असलं की मी ती दिसेपर्यंत दारात उभी राहायचे.

हळूहळू आवाज ओळखू येऊ लागले. तिथल्या तांबड्या मुरमातच लोखंड आहे, त्यामुळे जमीन बदलली की बटणं पुन्हा जुळवावी लागत, नाहीतर माती स्वतःच कण्हायला लागे. खिळा टोचल्यासारखा वाजायचा. घोड्याची नाल दोनदा बोलायची, एकेका टोकाला एकदा. रुंद, पसरट वस्तूचा आवाज हळू चढतो, थांबतो, हळू उतरतो. आवाज लागला की चकती आडवी-उभी नेऊन मनातल्या मनात फुली काढायची आणि फुलीच्या मध्यावर खुरपं लावायचं. खड्डा पुन्हा बुजवायचा, हा बाबांचा नियम. आम्हाला मिळालं काय? खिळे, फाळाचा तुकडा, शिकाऱ्यांच्या काडतुसांची पितळी बुडं, बैलाच्या गळ्यातलं अर्धं घुंगरू. प्रत्येक वेळी बाबा उकिडवे बसायचे, माती बोटांनी चुरायचे, आणि "असू दे, असू दे" म्हणायचे. डबीतल्या कापसाचा खळगा तसाच.

बॅटऱ्या नागपूरहून यायच्या आणि लवकर उतरायच्या. "बॅटरी संपली" हे त्या घरातलं नेहमीचं वाक्य झालं होतं. मानकीलाही ते पाठ होतं.

आणि सगळीकडे मोह होता. झाडांवर पान नसायचं, नुसते तांबूस गुच्छ. पहाटेपासून फुलं गळायची. पिवळसर, रसानं फुगलेली, जमिनीवर पडताना थेंबासारखी वाजणारी. इतर सगळे आवाज शोधून काढावे लागत, हा आपणहून यायचा. बाया झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करायच्या, म्हणजे फूल पडलं की काळ्यावर दिसतं. त्यामुळे रानात जागोजाग काळी वर्तुळं दिसायची आणि त्यांवर वाकलेल्या पाठी. प्रत्येक झाड कुणाच्या तरी घराचं. पाळीच्या टोकाला मानकीच्या घरची चार झाडं होती. तीन झाडांखाली राखेचं वर्तुळ होतं. चौथ्याखाली, कडेच्या, पाचोळा तसाच. मात्र त्या झाडाची फुलंही ती वेचायची, एकेक पान उचलून, वेगळ्या लहान टोपलीत.

हे मी पाहिलं होतं. मला पाहण्याची सवयच होती. पण पाहिलेल्याचा अर्थ कुणाला विचारायची सवय नव्हती.

लटारूभाऊ एकदा बाबांना म्हणाले होते, "आमच्या इकडं चांदी पेटीत नाई ठेवत साहेब. जमिनीत ठेवतेत. जमीन चावी मांगत नाई." ते वाक्य आणि मानकीचं ते वाक्य मी एकमेकांना जोडलं. झाडाखाली जाऊ देऊ नका, म्हणजे तिथं काहीतरी आहे. मला ते घ्यायचं नव्हतं. फक्त आवाज ऐकायचा होता, एकदा तरी खरा, भरलेला आवाज. आणि खोलात कुठेतरी असंही होतं की जुनी पुरलेली चांदी असेल तर तिच्यात एखादं नाणंही असेल. मानकीच्या आजे-पणजांचं. बाबा तिला विचारून, पाहून, परत देतील. मी अशी न्याय्य व्यवस्थाही मनात लावून टाकली होती.

दुपार होती. बाबा झोपले होते. लटारूभाऊ वडशाहून आदल्याच दिवशी नव्या बॅटऱ्या घेऊन आले होते, आणि त्या दुपारी आरमोरीच्या बाजाराला गेले होते. मानकी घरी. तलावाचं पाणी मध्यापर्यंत आटलेलं, कडेला भेगाळलेला गाळ, त्यावर दोन बगळे. कडेच्या मोहाखाली पाचोळ्यावर चकती धरली आणि दुसऱ्याच फेरीला आवाज आला. हळू चढला. थांबला. हळू उतरला.

पाचोळा बाजूला केला. तीन चपटे दगड होते. ते उचलले. खुरपं लावलं. माती भुसभुशीत होती, मुरूम नव्हता. कुणीतरी चाळून घातल्यासारखी. वीतभर खाली पितळ लागलं. वाटी होती, लहान, पालथी. मी बोटांनी कड मोकळी केली आणि उचलली.

खाली निळ्या कापडाचा तुकडा होता. त्यावर काळ्या दोऱ्यात ओवलेला एक वाळा. माझी दोन बोटंही त्यात मावली नसती.

मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मी आणखी काही पाहिलं नाही. काही हलवलं नाही. वाटी जशी होती तशी, पालथी, त्याच जागी ठेवली. माती दोन्ही तळव्यांनी लोटली. दगड ठेवले, पण कुठला कुठं होता ते आठवेना. पाचोळा पसरला. हेडफोन अजून कानांवर होते आणि त्यांत तो गुणगुणता आवाज चालूच होता. चकती मी तिथंच टेकवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मानकी नेहमीच्या वेळी आली. दोन्ही गुंड भरले. मग भांड्यांकडे न जाता पायरीवर बसली. रडत नव्हती. हात मांडीवर उताणे ठेवले होते, आणि त्यांच्याकडे पाहत होती.

लटारूभाऊंनी बाबांना बाजूला घेतलं. बाबांना ऐकू यावं म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे सगळं सगळ्यांनाच ऐकू आलं. "कोल्ह्यानं उकरलं साहेब, कडेच्या मोहाखाली. तिचं लेकरू होतं तिथी. सा महिन्याचं गेलं, मागच्या साली. आमच्यात दूधपितं लेकरू मोहाच्या हवाली करतेत. मोह दूध पाजते त्याले."

बाबा हळू म्हणाले, "उघडून पाहा ना. कदाचित आत हात लागलाही नसेल."

"नाई साहेब. एकदा हवाली केलं का मायनं माती नाई उचलाची. घरच्या कोनीच नाई. पाह्यलं का मोह दूध बंद करते."

तेव्हा मानकी उठली. माझ्याकडे आली. मी दारात होते. तिनं भिंतीला टेकवलेल्या यंत्राकडे हात केला.

"बाई, तुही मशीन माती न उचलता सांगते ना? त्याच्या डोक्यावर वाटी ठेवली होती मी. पितळेची. वाटी असंल तं लेकरू असंल. कोल्हा आधी वाटी लोटते ना. एकडाव पाह्य ना, बाई. तू कान लाव फक्त."

इतकं सोपं होतं. दोनशे पावलं चालायचं, चकती धरायची, आणि म्हणायचं, आहे. कबुलीही द्यावी लागली नसती. पण मग बाबाही बरोबर आले असते. त्यांनी उकिडवं बसून माती पाहिली असती. खुरप्याची कड आणि कोल्ह्याचा पंजा यांतला फरक त्यांना डोळे मिटूनही कळला असता. ऐकायचं काम ज्यांनी मला दिलं, त्यांच्या तोंडाकडे मला तेव्हा पाहावं लागलं असतं.

मी म्हणाले, "बॅटरी संपली आहे."

लटारूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वी वडशाहून तो खोका त्यांनीच डोक्यावरून आणला होता. त्यांनी कान खाजवला आणि पाळीकडे निघून गेले. त्या दिवशी त्यांनी कुणाची थट्टा केली नाही. बाबांनाही ठाऊक होतं. खोका त्यांच्याच टेबलाखाली होता. ते फक्त म्हणाले, "कुमू, तू काल तिकडे गेली होतीस का?" आणि मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी यंत्राचे भाग सुटे केले, पुसले आणि पेटीत ठेवले. खुरपंही पुसलं. ते जास्त वेळ पुसलं.

साहेबाची पोरगी खोटं बोलते, हे आम्हा तिघांना माहीत होतं. ज्या एकीला ते माहीत असायला हवं होतं, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. "बरं बाई," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. राखेनं, नेहमीसारखी, तळापासून.

मी निकालाआधीच नागपूरला परतले. निघायच्या दिवशी पाळीवरून पाहिलं. मानकी तीन झाडांखाली वेचत होती. चौथ्याकडे गेली नाही. तिची ती लहान टोपली झाडाच्या फांदीला अडकवलेली होती, रिकामी.

यानंतर मी पास झाले, कॉलेजात गेले, नोकरीला लागले. बाबा निवृत्त झाले. पेटी नागपूरच्या घरी माळ्यावर आहे. डबीही आहे. बाबा आता मोठ्यानं बोललेलंही अर्धंच ऐकतात, आणि कधी कधी मला वाटतं, मी त्यांना हे सांगितलं तर ते "असू दे, असू दे" म्हणतील. म्हणूनच मी त्यांना सांगितलेलं नाही. अशी सुटका मला नको आहे. वर्गात मुली धडा वाचतात तेव्हा मी डोळे मिटून ऐकते. कुठली मुलगी ओळ चुकवते, कुठली गाळते, ते मला लगेच कळतं. मुलींना वाटतं बाईंचे कान तिखट आहेत. असतील. चांगले कान असणं आणि ऐकलेल्याचं काही करणं, यांच्यामध्ये माझी सात वर्षं गेली.

मानकीची सात वर्षं कशी गेली असतील? हा प्रश्न मी बरेच दिवस इंग्रजीत विचारत असे. इंग्रजीत तो एखाद्या पुस्तकातल्या बाईबद्दल असल्यासारखा वाटे. मराठीत विचारला तेव्हा तिचे ते उताणे हात दिसले.

यंदा तो वास आला त्यानंतरच्या रविवारी पहाटेची मोटार धरली. गडचिरोलीला बदलून आरमोरी, पुढे एक बैलगाडी मिळाली, शेवटचे दोन मैल चालत. वाटेत बाया डोक्यावर टोपल्या घेऊन परतत होत्या. तलाव तसाच होता, मध्यापर्यंत आटलेला. आमच्या कौलारू घरात खात्याच्या सिमेंटची पोती भरली होती. पाळीच्या टोकाला तीन काळी वर्तुळं होती. आणि चौथ्या झाडाखाली यंदाची फुलं, गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची, थरावर थर, काळी पडत गेलेली. कुणी वेचली नव्हती. वास तिथूनच सगळ्यात जास्त येत होता.

मानकी तिसऱ्या झाडाखाली वाकलेली होती. जवळ पाच पावलांवर येईपर्यंत तिनं मला पाहिलं नाही. मग उठली, कमरेवर हात ठेवून उन्हात डोळे बारीक केले.

"साहेबाची पोरगी ना तू? किती वाळली! साहेब बरे आहेत?"

"बरे आहेत."

"लटारू गेला ना बदलून धानोऱ्याले. तिथी बी लोकाईले हसवत असंल." ती हसली. तिच्या पाठीमागे दोनेक वर्षांची एक मुलगी फूल तोंडात घालून चोखत होती. मानकीनं न वळता हात मागं नेला, तिच्या तोंडातलं फूल काढलं, माती झटकली आणि परत तिच्या तोंडात दिलं.

मी तिच्याबरोबर वेचायला बसले. फुलं वरून पडत होती. पाठीवर एक पडलं, केसांत एक. कडेच्या झाडाकडे ती पाहत नव्हती, पण तिकडची फांदी हलली की तिचा हात थांबत होता. मला ते दिसत होतं. मी पुन्हा पाहतच बसले होते.

मग तिनं माझ्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं.

"मशीन नाई आनली, बाई?"

"नाही."

"आनली असती तं," ती म्हणाली आणि तिनं टोपलीतली फुलं हातानं सपाट केली. त्यांत काही सपाट करण्यासारखं नव्हतं.

सात वर्षं मी जे वाक्य दोन भाषांत जुळवत होते त्यातलं काही आठवलं नाही. मी तिचं मनगट धरलं. ते ओलं होतं, फुलांच्या रसानं चिकट. आणि मी म्हणाले,

"मानकीबाई, वाटी तिथंच आहे. पालथी आहे. खाली निळं कापड आहे आणि वाळा आहे, काळ्या दोऱ्यातला. मी पाहिलंय. कोल्हा नव्हता आला. मी होते."